शेजार सोडून कळमेश्वर

मार्चचा पहिला पंधरवडा सरत आला, की नागपूरची हवा एका सकाळी कुणाला न विचारता बाजू बदलते. आदल्या पहाटे अंगावर ओढलेली चादर त्या पहाटे पायाशी गोळा होऊन पडलेली असते. कडुनिंबाची पिवळी पानं अंगणभर घरंगळतात. झाडून टोपली भरेतो पुन्हा तेवढीच पडलेली. हातगाड्यांवर शेवटची सुरकुतलेली संत्री उरतात. आणि सायकलच्या मागे वाळ्याचे भारे बांधून एक माणूस गल्लीत शिरतो. त्याची हाक यायच्या आधी वास येतो. तो कोरडा, मातकट वास नाकात गेला की शेजारपाजारचे लोक म्हणतात, "आला गा उन्हाळा." मी म्हणतो, आले लेंटचे दिवस. म्हणतो म्हणजे मनात. मोठ्याने म्हणायची आमच्यात पद्धत नाही, आणि आजचं माझं सगळं रडगाणं त्याच पद्धतीचं आहे.

लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. प्रभूचं दुःखसहन आठवायचं, उपवास करायचा, जीव जडलेली एखादी गोष्ट सोडायची, स्वतःच्या मनाची झाडाझडती घ्यायची. ही झाडाझडती फार लांबू नये म्हणून असेल, आमच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, याच दिवसांत एक काम लावून घेतलं आहे: प्रभूची सुवार्ता सांगायला बाहेरगावी जायचं. परवाच त्याची बैठक झाली. यंदा सावनेर की मौदा, यावर दीड तास चर्चा. सावनेरवाल्यांचं म्हणणं, रस्ता चांगला. मौदावाल्यांचं म्हणणं, नदीकाठी बसून डबा खायला सावली चांगली. मी हात वर केला. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो सोनवणे, लावा, लावा. खरंच फार उकडतंय." मी उठलो आणि पंखा लावला. पन्नाशी उलटलेला माणूस, मुकाट्याने बटणापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. बोलायचं होतं ते पोटातच राहिलं. ते इथे लिहितो. लिहिताना कुणी पंखा लावायला सांगत नाही.

माझी स्वतःची लायकी काय, तेही आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी इतरांवर चिडलो तर तुम्ही मला साधू समजणार नाही. साल एकाहत्तर. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत कारकून. त्या लेंटमध्ये मी मटण सोडलं. नागपुरात मटण सोडणं म्हणजे काय, हे नागपूरकरालाच कळेल. ज्या गल्लीत सावजी रस्सा शिजतो, त्या गल्लीत आम्ही सायकलवरून उतरून चालत जातो, गल्ली लवकर संपू नये म्हणून. कचेरीत दर शनिवारी सगळ्यांचे डबे एकत्र व्हायचे आणि आमचे हेडक्लार्क ढोबळे घरून रस्सा आणायचे. पहिल्या शनिवारी मी वाटी पुढे केली नाही.

"काहून गा सोनवणे, आज काय झालं?" ढोबळ्यांनी विचारलं.

किती सोपा प्रश्न. 'आमचं लेंट चालू आहे,' चार शब्दांचं उत्तर. पुढे कुणी 'म्हणजे काय' विचारलं असतं, तर आणखी चार वाक्यं. मी म्हणालो, "पोट बिघडलंय."

दुसऱ्या शनिवारीही बिघडलेलंच. तिसऱ्या शनिवारी ढोबळे बेलाचा मुरंबा घेऊन आले. टाइपिस्टबाईंनी ओव्याची पुरचुंडी दिली. शिपाई पांडुरंगने कसलीशी साल आणून दिली, ती उगाळून घ्यायची होती. चौथ्या शनिवारी मोठ्या साहेबांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. "सोनवणे, महिना झाला. मोठ्या डॉक्टरला दाखवा. अशी दुखणी अंगावर काढायची नसतात." त्यांच्या डोळ्यांत खरी काळजी होती. ईस्टर झाला आणि पुढच्या डब्याला मी दोन वाट्या रस्सा ओरपला. ढोबळ्यांनी त्याच दिवशी मुरंब्याची कृती सगळ्या कचेरीला लिहून दिली. चाळीस दिवस मी उपवास केला, आणि माझ्या कचेरीत साक्ष कशाची झाली? बेलाची.

ही गोष्ट मी चारचौघांत हसून सांगतो. त्याच लेंटमधली दुसरी गोष्ट मात्र हसून सांगता येत नाही. प्रयत्न केला आहे.

इंदोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एका घरमालकाची दोन बिऱ्हाडं होती, एकमेकांना चिकटून. एकात मी, माझी बायको रूथ आणि आमची सहा वर्षांची मेरी. दुसऱ्यात रामटेके आणि त्यांची बायको गयाबाई. मधे एकेरी विटेची भिंत, इतकी पातळ की तिकडे फोडणी पडली की इकडे मेरी शिंकायची. रामटेके रेल्वेत फिटर. छप्पन साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा झाली, तेव्हा हे दोघं नवराबायको पांढरे कपडे घालून पहाटेच पायी निघाले होते. ती पहाट रामटेके कुणालाही सांगायचे. दूधवाल्याला, न्हाव्याला, विजेचं मीटर पाहायला आलेल्या माणसाला. 'आज नळ किती वाजता येणार' असं विचारलं तरी उत्तर त्या पहाटेपर्यंत जाऊन यायचं. त्यात बढाई नसे आणि कुणाला ओढून न्यायचंही नसे. आपल्या आयुष्यात एवढी मोठी गोष्ट घडली, ती झाकून कशी ठेवायची, इतकंच.

एकदा नळावर त्यांनी मला विचारलं, "सोनवणेभाऊ, तुमी काहून ख्रिस्ती झाले गा?"

"आजोबा झाले होते."

"अन् तुमी?"

"मी काय, मी नुसता जन्मलो."

ते पोट धरून हसले. मग म्हणाले, "मी पंधरा वर्षांचा बौद्ध. तुमी तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. पर मले कोणी मह्या धम्माचं विचारलं, तं मी हातातली बादली खाली ठेवून सांगतो. तुमी तं बादली उचलून पयता!"

खरंच माझ्या हातात बादली होती आणि मी निघालोच होतो.

त्या हिवाळ्यात गयाबाई आजारी पडल्या. पोटात गाठ. संक्रांतीनंतर दवाखान्यातून त्यांना घरी पाठवलं. घरी का पाठवलं, ते रामटेके कुणाला सांगत नसत. सगळं उघड्यावर मांडणारा हा माणूस, तेवढी एकच गोष्ट झाकून ठेवायचा. मूलबाळ नव्हतं. गयाबाईंची खाट पुढच्या खोलीत, आमच्या भिंतीला लागून टाकलेली. भिंतीच्या अलीकडे आमचीही पुढची खोली, आणि तिथेच रोज दिवेलागणीला आमची घरची प्रार्थना व्हायची. एक गाणं, शास्त्रातला एक उतारा, आणि शेवटी मेरीने मांजरापासून पंतप्रधानांपर्यंत सगळ्यांसाठी केलेली मागणी. गाणं बहुधा एकच असायचं. माझ्या आईच्या तोंडचं, जुन्या चालीचं. पुढे गेलेली माणसं हरवलेली नाहीत, पलीकडे ती पुन्हा भेटतील, अशा अर्थाचं. मी ते इतक्या वेळा म्हटलं होतं की छोट्या स्टेशनावरून मेल जाते तसं ते माझ्यावरून न थांबता जायचं.

लेंटचा पहिलाच आठवडा असेल. सकाळी नळावर रामटेके म्हणाले, "भाऊ, तुमी संध्याकाळी गाता नं, गया ते पडल्या पडल्या ऐकत राह्यते. ते भेटू, भेटू म्हणता, ते कोणाले गा?"

आता हे वाक्य तुम्ही पुन्हा एकदा वाचा. त्यात कुठे तक्रारीचा मागमूस आहे का? पण आमचे कान वेगळ्या घडणीचे. सगळ्या गल्लीत ख्रिस्त्यांची दोनच घरं. आपला कुणाला त्रास नको, आपण कुणाच्या डोळ्यांवर यायला नको, हे आमचं बाळकडू. बाहेरच्या माणसाने आमच्या धर्माबद्दल काही विचारलं, की आम्हाला प्रश्न ऐकूच येत नाही. तक्रार ऐकू येते. मी लगेच म्हणालो, "अरे हो, आवाज जरा मोठाच होतो आमचा. बाई आजारी, आणि माझ्या लक्षातच आलं नाही. माफ करा हं."

"नाही गा, तसं नाही, मी तं..."

"नाही नाही, तुमचं बरोबर आहे. आजच व्यवस्था करतो."

मी इतका नम्र झालो की त्यांना तोंड उघडायला जागाच उरली नाही. नम्रपणाने समोरच्या माणसाला किती जोरात ढकलून देता येतं, हे माझ्याकडून शिकावं.

त्याच संध्याकाळी आमची प्रार्थना स्वयंपाकघरात गेली. पुढच्या खोलीचं दार लावलं, मधलं दार लावलं, स्वयंपाकघराचं दार लावलं. मार्चमधला नागपूरचा उकाडा, शेजारी कोळशाची धगधगती शेगडी, आणि आम्ही तिघं घामाच्या धारांत कुजबुजत गातोय. मेरीला वाटलं हा काहीतरी खेळ आहे. ती प्रत्येक ओळीनंतर "श्शू" करायची. रूथ पहिल्या दिवशीच म्हणाली, "अहो, गाणं बंद करा असं ते म्हणाले का तुम्हाला?"

"असं तोंडावर कोण म्हणतं? सुचवलं त्यांनी."

"सुचवलं! तुम्हाला रस्सा नको का विचारलं तरी तुम्ही पोट धरता. तुम्हाला कोण काय सुचवणार?"

पहिल्या काळातले ख्रिस्ती लोक भुयारांत लपून गाणी म्हणत, असं आम्हाला संडे स्कूलमध्ये शिकवलं होतं. त्यांच्यामागे सैनिक लागले होते. आमच्या मागे एक आजारी बाई होती, आणि तिला गाणं ऐकायचं होतं.

तीन आठवडे असे गेले. चौथ्या आठवड्यात आमची मंडळी सुवार्तेला कळमेश्वरच्या बाजारात गेली. मागून आणलेला ट्रक, त्यात हार्मोनियम, ढोलकी, पत्रकांचे गठ्ठे, डबे आणि आम्ही पंधराजण. खोटं कशाला सांगू, मला हे जाणं मनापासून आवडायचं. कळमेश्वरात माझ्या पोटाची हकिगत कुणाला माहीत नव्हती. तिथे मी कारकून नव्हतो, पंखा लावणारा नव्हतो. मिरच्यांच्या ढिगाऱ्यांमागे एका खोक्यावर उभा राहिलो की माझा आवाज असा काही फुटायचा की बैलसुद्धा मान वळवायचे. प्रीती, क्षमा, अनंत जीवन. काय काय बोलायचो! पाच मिनिटांत भाषण, मग खाली उतरून पत्रकं. त्या दिवशीही मी दोन्ही हातांनी पत्रकं वाटत सुटलो होतो, कुणाच्याच तोंडाकडे न पाहता. एका हाताने पत्रक घेतलं आणि माझं मनगटही धरलं.

"सोनवणेभाऊ?"

रामटेके होते. काखेत मुळ्या-पाल्याची पुडी. त्या बाजूला कुणी वैद्य आहे असं ऐकून ते सुटी टाकून पहिल्या गाडीने आले होते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी पत्रक उलटंपालटं करून पाहिलं.

"तुमी इतं येऊन राहिले, हे वाटाले? इतक्या दूर? मी तं तुमच्या भिंतीले लागून राह्यतो गा!"

"तुम्हाला घरी देणारच होतो," मी म्हणालो. माणसाने तोंड उघडण्यापूर्वी दहा आकडे मोजावेत म्हणतात. मला शंभरही पुरले नसते.

"कागद राहू द्या. तुमी गाणं काहून बंद केलं ते सांगा." ते रागावलेले नव्हते, रागावले असते तर बरं झालं असतं. "दिवे लागले का गया भिंतीकडं तोंड करून पडते. म्हणते, आज बी नाही गायले. मलेच भांडते, तुमी काही बोलले काय त्यायले? मी म्हणतो, मी काय बोलणार, मी तं इचारलं होतं."

माझ्या मागे आमच्या दाऊदमास्तरांनी हार्मोनियमवर नवं कडवं धरलं होतं आणि ते मला खुणेने बोलावत होते. वरचा सूर माझ्याकडे असायचा.

परतीच्या वाटेवर ट्रकच्या फाळक्याला टेकून मी दाऊदमास्तरांना विचारलं. हे आमच्या मंडळीचे चिटणीस, शाळेतून निवृत्त झालेले, मुंगीलाही न दुखावणारे. "मास्तर, आपण आमच्या गल्लीत का नाही जात? माझ्या शेजारी एक बाई आजारी आहेत. त्यांना ऐकायचं आहे."

मास्तरांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "गल्लीत कसं जाणार, सोनवणे? तिथे तर सगळे आपल्याला ओळखतात."

ट्रकमध्ये कुणालाही या वाक्यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि लाजेची गोष्ट ही, की मलाही ते पटलं. गल्लीला माहीत आहे मी मेरीवर कसा खेकसतो, घरमालकाशी कसा हुज्जत घालतो, कुणाच्या झाडाची पपई कुणाच्या अंगणात पडली म्हणून दोन महिने कुणाशी बोललो नाही. तिथे खोक्यावर चढून प्रीतीबद्दल काय बोलणार? मास्तर पुढे म्हणाले, "तरी तुम्ही चिठ्ठी द्या. आजाऱ्यांच्या भेटीची आपली समिती आहे. आता झावळ्यांचा रविवार, मग उत्तम शुक्रवार, मग ईस्टर. सगळं भरलेलं आहे. ईस्टरनंतर गायकवृंद घेऊनच जाऊ की."

घरी आल्यावर हे मी रूथला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गयाबाईंनाही कळवा म्हणावं. ईस्टरनंतरपर्यंत थांबा, समिती येते आहे."

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा पुढच्या खोलीत बसलो. अपराधी माणूस जसा जास्त जेवण वाढतो, तसा मी जास्त आवाज लावला. पहिलं कडवं संपतं न संपतं तोच भिंतीवर पलीकडून ठकठक झालं. मी घाबरून तिथल्या तिथे थांबलो. सवय, दुसरं काय! पलीकडून रामटेके ओरडले, "थांबू नका गा! ती म्हणते मेरीले जोरानं गाऊ द्या, तुमी थोडे हळू!"

दुसऱ्या दिवशी नळावर त्यांनी निरोप दिला. "तिले तुमालेच इचाराचं हाय. या एखाद दिवशी." रामटेक्यांनी त्यांच्या परीने तिला समजावलं होतं. जे जन्मतं ते जातं, धरून ठेवू नये, असं त्यांच्या धम्मात सांगितलेलं. ते तिला मान्य होतं. पण भिंतीपलीकडचे लोक रोज संध्याकाळी 'भेटू' म्हणतात, ते कशाच्या जोरावर, हे तिला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. दिवस थोडे होते. हे तिला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

म्हणून मी काय केलं? तयारी. कचेरीतल्या जुन्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूंवर नऊ पानं लिहिली. मुद्दे पाडले, पोटमुद्दे पाडले. पाळकसाहेबांकडून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि ते वाचून माझ्याच मनात ज्या शंका नव्हत्या त्या आणल्या, मग त्यांच्या उत्तरांची आणखी दोन पानं. रोज म्हणायचो, उद्या जातो. रूथ मात्र पेजेची वाटी घेऊन रोज दुपारी पलीकडे जायची आणि गयाबाईंचे केस विंचरून यायची.

"काय बोलता तुम्ही दोघी?" मी विचारायचो.

"केसांचं."

"धर्माचं काही?"

"मी सांगणार होते. तर म्हणाल्या, तुम्ही नका सांगू, भाऊंना विचारायचंय. का कोण जाणे, तुमच्यावर भरवसा आहे त्यांचा."

ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार आला; प्रभू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवून त्याचं स्वागत केलं, त्याची आठवण. तुमच्या मुंबई-कोकणाकडे यासाठी माडाच्या नाहीतर कसल्या सुंदर झावळ्या मिळत असतील. आम्ही नाल्याकाठच्या शिंदीच्या आणायचो. मिरवणूक पाहून रस्त्यावरचे लोक हसायचे, कारण शिंदीचा आणि प्रभूचा संबंध त्यांना लागायचा नाही. शिंदीचा दुसरा संबंध मात्र सगळ्यांना ठाऊक. कुणीतरी ओरडायचा, "कुटं बसून राहिले भाऊ आज? आमाले बी सांगा!" हा खरं तर केवढा मोठा दरवाजा उघडलेला! थांबायचं, आणि हसत हसत सांगायचं की बाबा, याची गोष्ट अशी अशी आहे. आम्ही माना खाली घालून चालीचा वेग वाढवायचो. देवळात पोचलो की दारं लावून, ज्यांनी ती गोष्ट जन्मापासून ऐकली आहे त्यांनाच ती पुन्हा सांगायचो, आणि तेव्हा आमचे डोळे पाणावायचे.

मी चिडतो तो यावर. आपल्या विश्वासाची साक्ष द्यायच्या आमच्या सभा भरतात, त्यात आम्हीच बोलतो, आम्हीच ऐकतो, आम्हीच 'आमेन' म्हणतो. आमच्या देवळाचा सूचनाफलकसुद्धा आतल्या भिंतीवर आहे, पाठ रस्त्याकडे. जेवून आलेल्यांना पंगतीत बसवून पुन्हा आग्रह, आणि दाराशी कुणी 'आत काय शिजतंय' विचारलं तर 'काही नाही, काही नाही' म्हणून कडी. आणि मी काही सुधारलो आहे असं समजू नका. आता वरच्या मजल्यावर बँकेतलं एक तरुण जोडपं राहतं. गेल्याच रविवारी ती मुलगी जिन्यात म्हणाली, "काका, दर रविवारी इतके पांढरे शुभ्र कपडे घालून कुठे जाता हो?" मी म्हणालो, "असंच, जरा पाय मोकळे करायला." जिना उतरलो आणि देवळात जाऊन पहिल्या बाकावर बसलो.

गयाबाई त्या वैशाखात गेल्या. बुद्धपौर्णिमेला चार दिवस राहिले होते. त्रिशरण चाललं होतं तेव्हा मी रामटेक्यांच्या शेजारी मांडी घालून बसलो होतो, आणि त्यांनी माझा गुडघा धरून ठेवला होता. नंतर ते बदली मागून बल्लारशाला निघून गेले. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं.

त्या दिवशी आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते. सात वक्ते, सात भाषणं. पत्र्याचं छप्पर तापून वाजत होतं. दुसऱ्या भाषणात वक्ता घसा फोडून सांगत होता की वधस्तंभावर प्राण जात असतानाही प्रभूने शेजारच्या स्तंभावर मरणाऱ्या चोराच्या विनंतीला तिथल्या तिथे उत्तर दिलं. हे मी दरवर्षी ऐकत आलो होतो. त्या वर्षी मला घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता. त्याने तयारी केली नव्हती. समितीकडे चिठ्ठी पाठवली नव्हती. मी तिसऱ्या भाषणाला उठलो. दाऊदमास्तरांनी काळजीने माझ्या पोटाकडे पाहिलं. कचेरीतली बातमी देवळापर्यंत पोचली होती.

घरी जाऊन नऊ अधिक दोन पानं घेतली आणि पलीकडचं दार वाजवलं. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून रामटेके त्यावर तांब्याने पाणी मारत होते. खोलीत थंड, ओला अंधार. खाटेवर गयाबाई एवढ्याशा उरल्या होत्या, पण वेणी मात्र रूथच्या हातची, चापूनचोपून घातलेली.

"या भाऊ. आज तं लय पांढरे धुवट दिसून राहिले."

मी स्टुलावर बसलो, खाकरलो, पहिलं पान काढलं. घामाने शाई फुटली होती. 'मनुष्य हा मूलतः' एवढंच वाचता येत होतं. मी डोळ्यांजवळ धरून वाचायचा प्रयत्न केला.

"ते कागद ठेवा गा बाजूले," गयाबाई म्हणाल्या. "मले तितकं समजत नाही, अन् तितका येळ बी नाही. तुमी इतकंच सांगा. ते भेटू म्हणता नं, तुमी कोणाले भेटान?"

अकरा पानांत मनुष्य होता, मानवजात होती, आपण सर्व होतो. मी कुठेच नव्हतो.

"आईला," मी म्हणालो.

"काहून? लय जीव होता?"

"भांडण राहिलंय." हे मी रूथलाही कधी सांगितलं नव्हतं. "मी मॅट्रिकला होतो. तिने डब्यात सलग तिसऱ्या दिवशी मेथी दिली. मी डबा ओट्यावर आपटला आणि म्हणालो, गुरांना घाल ही. संध्याकाळी घरी आलो तर ती गेलेली. डबा तिथेच, घासून उपडा घातलेला."

रामटेके तांब्या हातात धरून उभे राहिले होते.

"मंग भेटल्यावर काय सांगान तिले?"

"भाजी चांगली होती म्हणून."

गयाबाई हसल्या. हसताना दुखलं, तरी हसल्या. "तिले मालूम हाय ते. मायले मालूमच राह्यते." मग डोळे मिटून विचारलं, "अन् हे तुमाले खरंच वाटते? भेटान म्हणून?"

"वाटतं."

बस्, तेवढंच. जन्मल्यापासून देवळात बसत आलो, कळमेश्वरच्या बैलांना अनंत जीवन ऐकवलं; पण आपल्या माणसांबाहेर कुणाच्या डोळ्यांसमोर बसून हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. म्हणताना माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

गयाबाईंनी भिंतीवरून हात फिरवला, आमच्या बाजूच्या भिंतीवरून. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, उपकार नव्हते. नळावर बादली भरताना विचारावं तसं विचारलं.

"मंग इतके वर्षं काहून नाही सांगतलं गा?"

'कोणी विचारलंच नाही,' हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात मला आठवलं, की नळावर, रामटेक्यांच्या तोंडून, तिने विचारलं होतं.